परवान्याचं छोटं पिस्तूल: भरवसा कसा तपासावा, काडतूस कसं निवडावं

दुकानात जाऊन नुसतं "बत्तीसची काडतुसं द्या" असं म्हणू नका. बत्तीस दोन आहेत. पिस्तुलाचं .३२ वेगळं आणि रिव्हॉल्वरचं .३२ वेगळं. नवा परवाना हातात पडलेल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं.

मी फौजेत आर्मरर होतो. हत्यार उघडायचं, साफ करायचं, बिघाड शोधायचा, पुन्हा जोडून रेंजवर चालवून बघायचं, यातच नोकरी गेली. निवृत्त होऊन खानापूर तालुक्यात गावी आल्यावर ओळखीतले लोक विचारायला येऊ लागले. बेळगावचे सराफ, निपाणीकडचे तंबाखूचे व्यापारी, काजूचा कारखाना चालवणारे, मळ्यात एकटं घर असलेले शेतकरी. परवाना कायदेशीर, पिस्तूलही नवं, पण ते वेळेला चालेल का आणि कोणत्या काडतुसावर चालेल, हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यांना बसवून जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो.

आधी ही दोन बत्तिशी समजून घ्या. पिस्तुलाच्या काडतुसाला .३२ एसीपी म्हणतात. काही खोक्यांवर ७.६५ मिमी असंही छापलेलं असतं. जॉन ब्राउनिंगने केलेलं हे काडतूस १८९९ साली बाजारात आलं. त्याची पितळी पुंगळी जेमतेम १७ मिमी लांब. रिव्हॉल्वरचं काडतूस .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, साल १८९६, पुंगळी २३ मिमीच्या वर. शेजारी शेजारी ठेवली तर लहान मूलही फरक ओळखेल. घोटाळा होतो तो बिलावर आणि बोलण्यात. रिव्हॉल्वरचं लांब काडतूस पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत, शिरतच नाही, त्यामुळे तिथे धोका नाही. उलट बाजूला आहे. पिस्तुलाचं आखूड काडतूस काही रिव्हॉल्वरांच्या चक्रीत बसतं आणि माणसाला वाटतं, बसलं म्हणजे चालतं. या काडतुसाचा दाब चौरस इंचाला २०,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो आणि रिव्हॉल्वरच्या काडतुसाची मर्यादा १५,००० ची. जुन्या रिव्हॉल्वरच्या चक्रीवर असा खेळ करू नका. आपल्या नळीवर किंवा स्लाइडवर (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) काय कोरलंय ते वाचा, कागदावर उतरवून घ्या आणि तोच कागद दुकानात दाखवा.

९ एमएम पिस्तूल आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं माप) येतं, त्याचा परवाना फक्त केंद्र सरकार देतं. म्हणून सामान्य माणसाच्या हातात पिस्तूल म्हणजे बहुधा .३२ एसीपी. इशापूरच्या सरकारी कारखान्याचं अशनी हे त्यातलं ओळखीचं नाव. परदेशी बनावटीची शस्त्रं सर्वसामान्य परवानाधारकाला आयात करता येणं ऐंशीच्या दशकात बंद झालं, त्यामुळे आजोबांच्या काळातली वेब्ली, वॉल्थर, कोल्ट अजून घराघरांत जपून ठेवलेली दिसतात. वारसाने शस्त्र घ्यायचं तर २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे: परवानाधारक वारल्यावर, किंवा त्याचं वय ७० झाल्यावर, किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगल्यावर वारसाला अर्ज करता येतो.

परवाना दोनदा वाचा

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. बेळगाव शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी अशा ग्रामीण भागासाठी डीसी ऑफिस, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरी. परवान्याची मुदत ५ वर्षांची. कागद कन्नड-इंग्रजीत असतो. वाचता येत नसेल तर ओळखीतल्या जाणत्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या, लाजू नका.

त्यात तीन गोष्टी शोधा. बोअर, एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवता येतील आणि वर्षाला किती घेता येतील, आणि परवाना कुठवर चालतो. आपल्या सीमाभागात ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी आली की चंदगड तालुका लागला, म्हणजे महाराष्ट्र. निपाणीकराने कोगनोळी नाका ओलांडला की कागल. खानापूरकर चोर्ला घाटातून उतरला की गोवा. बहिणीचं घर पलीकडे, शेताचा तुकडा पलीकडे, बाजार पलीकडे; आपल्याला ती हद्द रोजच्या जगण्यात जाणवतही नाही. पण परवान्यावर 'कर्नाटक राज्य' एवढंच लिहिलेलं असेल तर कमरेला पिस्तूल लावून शिनोळीला चहा प्यायला जाणं हाही गुन्हाच. कामधंद्यासाठी रोज ये-जा असेल तर हद्द वाढवण्याचा अर्ज आधी करा, पिस्तूल नंतर घराबाहेर काढा.

छोटं पिस्तूल इतकं नाजूक का

आता मूळ मुद्दा. पिस्तूल जितकं लहान तितकं ते काडतुसाच्या बाबतीत हट्टी. याचं कारण त्याच्या चालण्यात आहे. गोळी सुटते तेव्हा मागे येणारा धक्का स्लाइडला मागे ढकलतो. स्लाइड रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस ढकलत चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, बसवते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. मोठ्या पिस्तुलात स्लाइड जड, तिचा प्रवास लांब, त्यामुळे थोडी चूकभूल खपते. छोट्यात स्लाइड हलकी, स्प्रिंग कडक, प्रवास आखूड. मॅगझिनची स्प्रिंग काडतूस वर आणायला क्षणभर उशीर करते आणि स्लाइड रिकामीच पुढे जाते. दारू किंचित सौम्य असली की पुंगळी पूर्ण बाहेर पडायच्या आत स्लाइड परत येते आणि ती खिडकीत उभी अडकते.

यात हाताचाही वाटा असतो. मनगट सैल असेल तर धक्क्याचा काही भाग हातच पिऊन टाकतो आणि स्लाइडला मागे जायला जोर उरत नाही. घरातली वयस्कर मंडळी किंवा हातात जोर कमी असलेलं कुणी ते वापरणार असेल तर तपासणी त्यांच्या हातूनच व्हायला हवी. माझ्या हातात चाललेलं पिस्तूल तुमच्या आईच्या हातात चालेलच असं नाही. स्लाइड मागे ओढायलाच त्यांना जमत नसेल, तर माझा सरळ सल्ला .३२ रिव्हॉल्वरचा. कानपूरचं निर्भीक त्याच विचाराने २०१४ साली आलं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. रिव्हॉल्वरमध्ये एखादं काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढचं समोर येतं, काही ओढाताण करावी लागत नाही. नवशिक्याला हे फार मोठं सुख आहे.

पिस्तूलच घ्यायचं असेल तर दुकानात नळीपेक्षा जास्त वेळ मॅगझिनला द्या. दहापैकी आठ खोळंबे मॅगझिनमुळे होतात असं आमचे उस्ताद सांगायचे, आणि मला आजवर त्यांना खोटं ठरवावंसं वाटलेलं नाही. मॅगझिनचे वरचे दोन ओठ बोटाने चाचपून बघा. एक ओठ जरा उघडा, दुसरा मिटलेला, असं असेल तर काडतूस तिरकं वर येणार. स्प्रिंग दाबून सोडा, तळाची पट्टी कुठेही न अडखळता वर आली पाहिजे. दोन मॅगझिन घ्या आणि दोन्हींच्या बुडाला रंगाने १ आणि २ लिहा. खोळंबा झाला तर तो कोणत्या मॅगझिनने केला हे कळल्याशिवाय इलाज करता येत नाही.

काडतूस निवडताना

.३२ एसीपीच्या बुडाची एक खोड आहे. तिची कड पुंगळीपेक्षा बाजूने जेमतेम पाव मिलिमीटर बाहेर असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे राहिली पाहिजे. ती मागे गेली की दोन काडतुसं एकमेकांत अडकतात आणि मॅगझिन जागच्या जागी गच्च होतं. स्लाइड ओढून हा अडका सुटत नाही. मॅगझिन बाहेर काढून, बारीक काडी घालून एकेक काडतूस सोडवावं लागतं, आणि संकटात तेवढा वेळ कुणाकडे असतो?

हे मुख्यतः आखूड काडतुसात होतं. टोकाला खड्डा असलेल्या गोळीचं काडतूस सहसा साध्या गोल टोकाच्या काडतुसापेक्षा लांबीला कमी असतं, मॅगझिनमध्ये पुढे-मागे सरकायला जागा मिळते आणि कड मागे जाते. परदेशी व्हिडिओ बघून आलेले तरुण मला विचारतात, काका, खड्ड्याच्या गोळ्या कुठे मिळतील? मी त्यांना म्हणतो, नादाला लागू नका. .३२ च्या गोळीचं वजन ७१ ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास, आणि जोर ९ एमएमच्या साधारण एक तृतीयांश. एवढ्या थोड्या जोरात गोळी फुलली, म्हणजे तिचं टोक पसरलं, तर आत पुरेशी जात नाही, आणि आत गेली तर बहुधा फुललेली नसते. १९८६ साली मायामीतल्या चकमकीनंतर अमेरिकेच्या एफबीआयने गोळी १२ ते १८ इंच आत गेली पाहिजे अशी कसोटी ठरवली. या छोट्या काडतुसात ती कसोटी गाठायला साधी, तांब्याचं कवच असलेली गोल टोकाची गोळीच जास्त भरवशाची ठरते. शिवाय गोल टोक चेंबरच्या उतारावरून अलगद सरकतं, चपटं किंवा खड्ड्याचं टोक तिथे अडखळतं. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी उत्तर एकच येतं, म्हणून माझी शिफारस ठाम आहे: गोल टोक, पूर्ण कवच, पूर्ण लांबी.

याची एक किंमत आहे, ती विसरू नका. कवचाची गोळी लाकडी दार, पत्रा, पातळ भिंत सहज पार करते. आपल्याकडे घरं भिंतीला भिंत लागून. पलीकडे कोण झोपलंय हे माहीत नसताना त्या दिशेला पिस्तूल रोखायचंच नाही. घरात कोणत्या बाजूला दगडी भिंत आहे आणि कोणत्या बाजूला नुसती फळी, हे दिवसा फिरून बघून ठेवा.

खोकं घेताना लॉट नंबर आणि उत्पादनाचं वर्ष बघा आणि सगळी खोकी एकाच लॉटची मागा. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या काडतुसांच्या बुडावर 'के एफ' अशी अक्षरं ठोकलेली दिसतील. प्रत्येक काडतूस उजेडात फिरवून बघा. बुडाच्या मधोमध जी छोटी गोल टोपी असते, म्हणजे प्रायमर, ती बुडाच्या पातळीत किंवा किंचित आत हवी. वर आलेली असेल तर ते काडतूस बाजूला ठेवा. पुंगळीवर चीर, गोळी बोटाने हलते आहे, हिरवट डाग, यांपैकी काही दिसलं तर दुकानातच परत करा.

हिरव्या डागावरून एक प्रसंग सांगतो. निपाणीकडचे एक गृहस्थ वडिलांचं जुनं विलायती पिस्तूल घेऊन आले. पिस्तूल उत्तम ठेवलेलं होतं. काडतुसं मात्र वडिलांच्या कातडी पट्ट्यातच वर्षानुवर्षं खोचलेली. एक ओढून काढलं तर पितळेवर हिरवी पूड आणि कातड्याला चिकटलेला गोल ठसा. ती चालवू नका म्हणून मी सांगितलं, पण त्यांच्या जिवाला वाईट वाटलं. वडिलांनी ठेवलेली होती. माझं न ऐकता त्यांनी रेंजवर त्यातली सात भरली. दोन फुटलीच नाहीत. पाचव्याला आवाज आला तो फुस्स, फटाका ओला निघावा तसा. ते पुन्हा स्लाइड ओढणार, तोवर मी त्यांचं मनगट धरलं. पिस्तूल उघडून नळीत उजेड टाकला तर अंधार. गोळी निम्म्या नळीत अडकून बसली होती. मागून दुसरी सुटली असती तर नळी फाटून त्यांच्या हातात आली असती. त्या दिवसापासून मी हे सगळ्यांना पहिल्या पाच मिनिटांतच सांगतो: आवाज कमी आला की थांबायचं, मॅगझिन काढायचं, नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढची गोळी नाही.

रेंजवरची तपासणी

मळ्यात, माळावर, लग्नाच्या वरातीत चालवून बघायचं नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात, लोकांच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार केला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कर्नाटकात अनेक जिल्ह्यांत पोलीस खातं नागरिकांसाठी बंदूक प्रशिक्षणाचे वर्ग घेतं. आपल्या ठाण्यात त्याची चौकशी करा. रेंज मान्यताप्राप्त हवी आणि शेजारी जाणता माणूस हवा.

परदेशात म्हणतात, आधी २०० गोळ्या झाडा, मग भरवसा ठेवा. आपल्या मर्यादेत ते बसत नाही, काडतूसही स्वस्त नाही. म्हणून लोक उलटी चूक करतात: सगळी काडतुसं कपाटात जपून ठेवतात आणि पिस्तूल कधी चालवतच नाहीत. माझं म्हणणं असं की ५० मिळाली तर ३० तपासणीला घालवा. उरलेल्या २० वर तुम्ही निश्चिंत झोपू शकाल. न तपासलेल्या ५० पेक्षा तपासलेली २० मोलाची.

नवं पिस्तूल कारखान्याच्या जाड तेलात येतं. ते पुसून काढा, नळी कोरडी करा, स्लाइडच्या खाचांत तेलाचा एकेक थेंब पुरे. पहिल्या दिवशी १ नंबरच्या मॅगझिनने पाच-पाच करून १०, मग २ नंबरने १०. मधे साफसफाई करू नका, थोडं मळलेलं असतानाच त्याचा स्वभाव कळतो. उरलेली १० पंधरा दिवसांनी, एका हाताने पाच आणि दुसऱ्या हाताने पाच. वहीत तारीख, लॉट, मॅगझिनचा नंबर आणि जे घडलं ते लिहा. शेवटच्या वीसमध्ये एकही खोळंबा नसेल तर ते पिस्तूल आणि तो लॉट यांची जोडी जमली. लॉट बदलला की निदान दहा पुन्हा. रिकाम्या पुंगळ्या मोजून पिशवीत ठेवा. नवी काडतुसं घेताना झाडलेल्यांचा हिशेब द्यावा लागू शकतो.

चाप ओढला आणि काही झालं नाही, तर नळी समोरच्या बांधाकडेच धरून मनात ३० मोजा. क्वचित काडतूस उशिराने फुटतं. मग मॅगझिन काढा, स्लाइड ओढा, ते काडतूस उचलून प्रायमरवरचा ठसा बघा. ठसा खोल असेल तर काडतूस वाईट; नुसता ओरखडा असेल तर फायरिंग पिन (प्रायमरवर आपटणारी सुई) किंवा तिची स्प्रिंग दमलेली. ते काम परवानाधारक गनस्मिथकडे द्या. घरी कानस घेऊन उतार घासायला बसू नका. अशा हौसेने बिघडलेली पिस्तुलं मी पाहिली आहेत.

पाऊस आणि कपाट

कणकुंबी, जांबोटीकडचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला दमटपणा शिकवायला नको. जूनपासून भिंती घाम गाळतात, कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी धरते. तीच बुरशी कातडी म्यानात पिस्तुलावर बसते. म्यान अंगावर असतानाच वापरायचं, घरात पिस्तूल त्यातून काढून कोरड्या सुती कापडावर कुलपात ठेवायचं. काडतुसं वेगळ्या कुलपात, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुड्या बदला किंवा तव्यावर मंद आचेवर कोरड्या करा. काडतुसाला तेल लावू नका. पिस्तुलाला जे तेल तारतं तेच प्रायमरच्या कडेने आत झिरपून काडतूस मारतं. भरून ठेवायचं मॅगझिनही कोरडं पुसलेलं हवं.

अजून एक चूक चांगली माणसं करतात. रोज रात्री काडतूस चेंबरमध्ये चढवायचं, सकाळी उतरवायचं, आणि तेच पुन्हा वर ठेवायचं. प्रत्येक वेळी गोळीचं नाक उतारावर आपटतं आणि ती कणाकणाने पुंगळीत मागे सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. चढवलेल्या काडतुसावर मार्करने रेघ मारा, नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची ताडा, बुटकं दिसलं की ते बाद. तसंही जुन्या धाटणीची पिस्तुलं चेंबर भरून बाळगू नयेत. ती हातातून पडली तर सुटू शकतात.

निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. देण्याआधी नळीला आतून तेलाचा पातळ हात फिरवा, मॅगझिन रिकामं करा, पोच घ्या आणि तिच्यावर शस्त्राचा नंबर बरोबर उतरवलाय का ते ठाण्यातच ताडून बघा. काही आठवड्यांनी ते परत येतं तेव्हा तेल वाळून चिकट झालेलं असतं, दमट कोठीत राहिलं तर स्लाइडच्या कडेला तांबूस ठिपके दिसतात. घरी आणल्याबरोबर भरून उशाशी ठेवू नका. मॅगझिन काढून, चेंबर डोळ्याने आणि बोटाने रिकामा बघून, पूर्ण उघडा, पुसा, नवं तेल द्या. मग रेंजवर दोन्ही मॅगझिनमधून तीन-तीन काडतुसं झाडा आणि वहीत तारीख घाला.